पंधरापैकी अकरा

एम.ए.च्या प्रवेशाच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, ‘‘मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. केलंत, मग इंग्रजी साहित्याकडे कशा वळलात?’’ मी लहानपणापासून वाचनाची आवड होती वगैरे सांगितलं. ते साफ खोटं होतं. वाशीमला आमच्या घरी वाचण्यासारखं म्हणजे कॅलेंडरची मागची पानं आणि औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर, कारण वडिलांचं मेडिकलचं दुकान आहे. बारावीला मला इंग्रजीत मार्क चांगले पडले होते, पण त्यात निम्मा वाटा अक्षराचा होता. माझं अक्षर छापल्यासारखं आहे. हे फुशारकीने सांगत नाही. पुढे जे झालं त्याची सुरुवात त्या अक्षरापासून झाली.

खरं कारण असं, की मी परीक्षेत एका माणसाचं उत्तर बदललं होतं.

पुण्यात आले तेव्हा मी अठरा वर्षांची होते. सदाशिव पेठेत एका काकूंच्या घरी आम्ही तिघी मुली एका खोलीत राहायचो. काकूंचे नियम दाराच्या आतल्या बाजूला टाइप करून लावलेले होते, आणि टाइप व्हायचे राहिलेले नियम त्या तोंडी सांगत. दार जरा जोरात लागलं की आतून आवाज यायचा, ‘‘अहो, एकच दार आहे आमच्याकडे.’’ पहिल्या आठवड्यात त्यांनी हाक मारली तेव्हा ‘जेवतेय’ असं सांगायला मी आमच्याकडच्या सवयीने म्हणाले, ‘‘जेवून राहिले ना मी, काकू.’’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘‘आधी जेवून घ्या, राहायचं नंतर बघू.’’ मला राग पटकन येतो आणि उत्तर दुसऱ्या दिवशी सुचतं, त्यामुळे पुण्यातलं पहिलं वर्ष मी बहुतेक धुसफुसण्यात घालवलं.

त्यात कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक कागद दिसला. ‘लेखनिक पाहिजे. तृतीय वर्ष बी.ए., इंग्रजी. अक्षर सुवाच्य असावे.’ दृष्टिहीन विद्यार्थी परीक्षेत उत्तर तोंडी सांगतो आणि लेखनिक ते उत्तरपत्रिकेत उतरवतो. हा लेखनिक खालच्या वर्गातला आणि दुसऱ्या विषयाचा असावा लागतो, म्हणजे त्याला मधेच स्वतःचं ज्ञान पाजळता येऊ नये. मी पहिल्या वर्षाला होते आणि जंतूंचा अभ्यास करत होते, तेव्हा नियमात चपखल बसत होते. परोपकार वगैरे माझ्या मनात नव्हता. संध्याकाळी खोलीबाहेर पडायला मला एक कारण हवं होतं.

ज्याला लेखनिक हवा होता तो ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर भेटला. तेवीस वर्षांचा, उंच, कडक इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मांडीवर घडी घातलेली काठी. मी ‘तुम्ही’ म्हणायला सुरुवात केली तर म्हणाला, ‘‘तू म्हण. तुम्ही म्हटलं की टक्कल पडल्यासारखं वाटतं.’’ मग त्याने मला वर्तमानपत्रातली एका मंत्र्याच्या भाषणाची इंग्रजी बातमी वाचायला लावली. ती मी वाचली. तो हसला.

‘‘कुठली गं तू?’’

‘‘वाशीमची.’’

‘‘मंत्रीसुद्धा वाशीमचा वाटला. चालेल. विषयातलं काही येतं?’’

‘‘काहीच नाही.’’

‘‘वा, हीच पात्रता. मागच्या वर्षीचा लेखनिक फार हुशार होता. मी सांगायचो एक, तो लिहायचा त्याच्या मनाचं. लेखनिकानं पेन व्हायचं. पेनाला मत नसतं.’’

मला हे लागलं. आपण फुकट मदत करायला आलो आणि हा आपल्याला पेन म्हणतो, असं वाटलं. पण हो म्हणाले.

परीक्षेच्या आधी चार महिने मी त्याच्यासाठी पुस्तकं वाचून फोनवर रेकॉर्ड करायचे. त्याच्या फोनमधला वाचणारा आवाज इतका भरभर बोलायचा की मला त्यातलं अक्षर कळत नसे. त्याला कळायचं, पण कविता त्या आवाजात ऐकवत नाहीत म्हणायचा. मग कविता, नाटकातले प्रवेश आणि बाजारात मिळणारी दोन गाइडं मी खोलीत बसून वाचायचे. त्या रेकॉर्डिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या आहेत, भाजीवाला आहे आणि एका ठिकाणी, नायिकेच्या मृत्यूच्या ऐन वर्णनात, काकूंचा आवाज आहे, ‘‘आपण एकट्याच बोलता, की कुणी आहे आत?’’ तो भाग तो मित्रांना ऐकवायचा. काकूंना तो कधी भेटला नाही, पण त्यांच्यावर त्याचा फार जीव होता.

वाचता वाचता मला आवडायला लागलं. म्हणजे कविता नव्हे, गाइडं. गाइडात सगळं स्वच्छ असतं. नदी म्हणजे काळ, पक्षी म्हणजे मुक्ती, हिवाळा म्हणजे मरण. प्रयोगशाळेत काचपट्टीवर रंग टाकल्यावर जंतू दिसायला लागतो तसं मला वाटायचं, की चिन्ह ओळखलं की झालं. दोन गाइडं वाचून मी त्याच्या मित्रांशी वाद घालायला लागले होते. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते, दुसरं काय.

त्याचं ऐकण्याचं तंत्र मला कळत नसे. मी एखादी कविता वाचली की तो म्हणायचा, ‘‘तिसऱ्या ओळीत थांबलीस का?’’ मी म्हणायचे, स्वल्पविराम आहे. तो म्हणायचा, ‘‘मग थांबलीस ते बरोबर. दुसऱ्यांदा वाचताना नाही थांबलीस.’’ पूर्ण अर्धा तास तो त्या एका थांबण्यावर बोलायचा. गाइडात ते नसायचं, म्हणून मला ते बिनमहत्त्वाचं वाटायचं.

त्याचं घर हडपसरच्या पुढे, मांजरी गावात. वडिलांचा थोडा ऊस, बाकीच्या रानात आता इमारती. वडिलांना तो आप्पा म्हणायचा. आप्पांनी त्याला बँकेच्या परीक्षेच्या क्लासला घातलं होतं. त्यात आप्पांचं काही चुकत होतं असं नाही. बँकेत राखीव जागा असतात, गावातला एक दृष्टिहीन मुलगा लागलाही होता. ह्याला मात्र एम.ए. करायचं होतं आणि पुढे लिहायचं होतं. घरात भांडण नव्हतं, नुसता प्रश्न पडून होता. बी.ए.चा निकाल लागला की ठरवू, असं बापलेकांचं बोलणं झालं होतं.

एकदा मी त्याला विचारलं, ‘‘तुला एवढं येतं तर ठरवायचं काय त्यात?’’ त्यावर त्याची कॉलेजातली भाषा सुटली आणि घरची आली.

‘‘मला येतंय ते सगळं कुणीतरी वाचून दिलेलं हाय. नोट्स एकाच्या, आवाज दुसऱ्याचा. माझं त्यात काय हाय ते मलाच माहीत नाय. पेपरात एक प्रश्न असतो बघ, न शिकवलेल्या कवितेचा. ती कविता आधी कुणी समजावलेली नसते. त्यात मी काय सांगतो आणि तपासणाऱ्याला ते पटतं का, तेवढं मला बघायचंय. पटलं तर एम.ए. नाहीतर बँक. तक्रार नाय मग.’’

तो सहज ‘बघायचंय’ म्हणायचा. मला सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं, नंतर सवय झाली.

पेपर एप्रिलमध्ये होता. आम्हाला वेगळी खोली, तासाला वीस मिनिटं जास्तीची. दारापाशी एक पर्यवेक्षक बाई बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढे त्यांचा स्वतःचा तपासायचा गठ्ठा होता. पंखा कटकट करत होता. पहिले चार प्रश्न सुरळीत झाले. तो सांगायचा, मी लिहायचे, उत्तर संपलं की तो म्हणायचा, ‘‘वाच.’’ मी वाचायचे, तो एखादा शब्द बदलायचा, आणि आम्ही पुढे जायचो. पेनाचा आवाज तो ऐकत असायचा. मी थांबले की त्याला कळायचं.

मग ती कविता आली. बारा ओळींची, कवीचं नाव दिलेलं नव्हतं. एक माणूस संध्याकाळी खोलीत बसला आहे. त्याचे हात टेबलावर आहेत. खिडकीतून उजेड हळूहळू निघून जातो. तो उठून दिवा लावत नाही. बायको येते, काडी ओढते, दिवा लावते, काही बोलत नाही. माणूस तिच्याकडे तोंड वळवतो. संपली.

मी तीन वेळा वाचली. दुसऱ्याच वाचनात मला अर्थ लागला होता. अंधार म्हणजे निराशा, दिवा म्हणजे आशा. याहून सोपा प्रश्न कुठला येणार, असं मनात म्हटलं.

तो थोडा वेळ बोटांनी बाकावर काहीतरी मोजत राहिला. मग सांगायला लागला. त्याने इंग्रजीत सांगितलं ते मी इथे मराठीत देते.

‘हा माणूस अंधारात बसला आहे म्हणून तो दुःखी आहे, असं कवितेत कुठेही म्हटलेलं नाही. त्याचे हात टेबलावर शांत आहेत. त्याला दिव्याची गरज नाही. दिवा बाईला हवा आहे, कारण तिला खोलीत वावरायचं आहे. तो तोंड वळवतो ते उजेडाकडे नव्हे. काडी ओढल्याचा आवाज होतो आणि तो आवाजाकडे वळतो. त्या आवाजावरून त्याला कळतं, की घरात आता आपल्याशिवाय कुणीतरी आहे. ही कविता अंधार आणि उजेड यांची नाही. ती एकटं असण्याची आणि एकटं नसण्याची आहे.’

आणखीही चार वाक्यं होती. पण पहिल्या वाक्यालाच मी मनात अडखळले. मी काय विचार केला ते लिहायची आजही लाज वाटते, तरी लिहिते. मला वाटलं, याला दिसत नाही, म्हणून याला अंधार म्हणजे काय ते कळलेलं नाही. बिचाऱ्याचं चुकतंय. तपासणारा शून्य देईल. आणि त्याने तर एम.ए. करायचं की नाही ते या प्रश्नावर लावलेलं. मला त्याची दया आली. त्याला वाचवायचं ठरवायला मला काडी पेटायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

तो सांगत होता तेवढा वेळ माझं पेन चालू होतं. कागदावर दुसरंच उतरत होतं. अंधार हे निराशेचं प्रतीक आहे, दिवा हे आशेचं, पत्नी ही मनुष्याच्या आयुष्यात आशा घेऊन येणारी शक्ती. एका वाक्यात तीन चिन्हं बसवली मी. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं.

त्याचं संपलं, माझंही संपलं. तो म्हणाला, ‘‘वाच.’’

हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. समोर माझं उत्तर होतं आणि मी त्याचं वाचायला लागले, डोक्यातून. एकदाच ऐकलेलं होतं, पण भीतीने माणसाची स्मरणशक्ती वाढते. मी जवळजवळ सगळं म्हटलं. एका ठिकाणी चुकले तर तो म्हणाला, ‘‘तिथे ‘शांत’ शब्द होता ना? घाल.’’ मी पेन कागदावर हवेतच फिरवावं तसं हलकं टेकवलं, थोडा आवाज केला आणि म्हणाले, ‘‘घातला.’’ पर्यवेक्षक बाईंनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा आपल्या गठ्ठ्यात घातली.

बाहेर आल्यावर तो खूश होता. कॅन्टीनमध्ये त्याने मला बटाटेवडा खाऊ घातला. मीही खूश होते. आपण एका माणसाचं भलं केलं आणि त्याला कळूही दिलं नाही, याचा मला मनातल्या मनात फार अभिमान वाटत होता.

जूनमध्ये निकाल लागला. पास झाला, मार्क बरे होते. पण त्याला एकूण मार्कांशी घेणं नव्हतं. त्याने त्या पेपरच्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवण्यासाठी अर्ज केला. मला हे माहीत नव्हतं. जुलैत एका दुपारी त्याचा फोन आला, ग्रंथालयापाशी ये. मी गेले तर तो पायऱ्यांवर फोन घेऊन बसला होता.

‘‘प्रत आली मेलवर. फोन नुसता ‘इमेज, इमेज’ म्हणतो. हाताने लिहिलेलं त्याला वाचता येत नाही. तुझं अक्षर आहे, तूच वाच. बाकीचं राहू दे, ती कविता काढ.’’

मी पान काढलं. समासात लाल शाईने पंधरापैकी अकरा. खाली छोटंसं ‘गुड’.

तेव्हा सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मी आधी मार्क सांगितले, मग ‘गुड’ सांगितलं, आणि मग तो म्हणाला, ‘‘आता उत्तर वाच,’’ तेव्हा फोनकडे बघत बघत त्याचं उत्तर पुन्हा एकदा डोक्यातून म्हटलं. या वेळी ‘शांत’ शब्दासकट. अडीच महिन्यांत ते माझ्या डोक्यातून गेलंच नव्हतं. भांडी घासताना, बसमध्ये, प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले असताना ते आपोआप सुरू व्हायचं. मला ते उत्तर पटायला लागलं होतं, हे मी स्वतःशीही कबूल करत नव्हते.

तो हसला नाही, काही नाही. त्याने फोन घेतला आणि तिथल्या तिथे आप्पांना लावला.

‘‘आप्पा, मी एम.ए. करणार हाय. अकरा पडलेत. पंधरात. व्हय, त्याच प्रश्नाला. माझं पटलंय त्यांना.’’

पलीकडून आप्पा काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. इकडे ह्याचे डोळे भरून आले होते. मी त्याच्या शेजारी त्याच पायरीवर बसले होते.

तीन दिवस मी जेवले नाही. काकू म्हणाल्या, ‘‘उपास कसला? आम्हालाही कळवा, आमच्या कॅलेंडरात नाही.’’ मला त्यांच्यासमोरच रडू फुटलं. त्यांनी कारण विचारलं नाही. ताट वाढलं आणि मी जेवेपर्यंत समोर बसून शेंगा निवडत राहिल्या. मी सांगायचं ठरवलं ते केवळ प्रामाणिकपणाने ठरवलं, असं मी म्हणणार नाही. ती प्रत त्याच्या फोनमध्ये होती. कधीतरी कुणीतरी दुसरं ती त्याला वाचून दाखवणार, ही भीतीही होती. दोन्हींतलं कुठलं जास्त होतं ते मला आजही सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी हडपसरला बस बदलून मांजरीला गेले. घर रस्त्यालगत, मागे ऊस, पुढे एका नव्या इमारतीचा सांगाडा. तो ओट्यावर बसून एम.ए.ची माहितीपुस्तिका फोनवर ऐकत होता. आप्पा घरातच होते. त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला. मी चहा यायची वाट न बघता सगळं सांगून टाकलं. परीक्षेतलं, पायऱ्यांवरचं, दोन्ही.

तो चिडला. आवाज चढवला नाही. फोनमधला आवाज त्याने बंद केला, प्रत वाचायला फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘‘काय लिहिलंयस ते वाच. लिहिलेलं.’’

मी वाचलं. प्रतीक, आशा, शक्ती. त्याच्या तोंडासमोर ते वाचणं म्हणजे काय होतं ते मला सांगता येणार नाही. आप्पा चहाचे कप घेऊन दारात उभे राहिले होते.

‘‘बरं लिहिलंयस,’’ तो म्हणाला. ‘‘अकरा बरोबर दिलेत. पण ते तुझे झाले. माझे किती?’’

मी फोन त्याच्यापुढे ठेवला.

‘‘शून्यही असतील. पंधराही असतील. पण कुणाला विचारू? आता तपासणाऱ्याला घरी बोलवू का?’’

आप्पांनी विचारलं, काय झालं. त्याने मराठीत सांगितलं. ती कविता, त्याने काय सांगितलं होतं, मी काय लिहिलं. आप्पा कप हातात घेऊन ऐकत होते. शाळा त्यांनी सातवीत सोडली होती. ऐकून झाल्यावर म्हणाले, ‘‘मग तुझंच बरोबर हाय की. दिवा ज्याला लागतो तोच लावतो. त्यात आशा कुठनं आली?’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘भर तू ते एम.ए.चं. फी बघू आपण.’’

इतके दिवस बँक बँक करणारे आप्पा हे म्हणाले. मला वाटलं, चला, झालं, सुटलो आपण. पण तो म्हणाला, ‘‘नाय आप्पा. बँकच बरी.’’

आप्पांनी का म्हणून विचारलं नाही. मी विचारलं.

‘‘एम.ए.लाही लेखनिक लागणारच,’’ तो म्हणाला. ‘‘चार सेमिस्टर. दर वेळी कुणीतरी भलं करणारं भेटणार. बँकेच्या परीक्षेत चार पर्याय असतात. मी ‘क’ म्हणालो की ‘क’. कुणाला माझी दया आली तरी तो ‘क’च राहतो.’’

त्याने माझा चहा गार झाला असेल म्हणून आप्पांना दुसरा करायला सांगितला. तो मी प्यायले. मग आप्पांनी मला बस थांब्यापर्यंत सोडलं. वाटेत ते म्हणाले, ‘‘ताई, डोक्यात घेऊ नका. जाईल राग.’’ त्यांनी मला अहो-जाहो केलं याने मला आणखी लाज वाटली.

पुढच्या वर्षी तो बँकेत लागला. सध्या वाघोलीच्या एका शाखेत आहे. मी बी.एस्सी. पुरं केलं, आणि मग इंग्रजीला आले. प्रायश्चित्त म्हणून आले असं म्हणणं फार झालं. मला ते एक उत्तर कळून घ्यायचं होतं. गाइडात नसलेलं ते माणूस कुठून आणतो, हे मला कळत नव्हतं आणि ते कळल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. त्याच्या जागेवर मी बसले आहे असं मला कधी कधी वर्गात वाटतं. वाटतं तेव्हा फार वाईट वाटतं. बाकी वेळ मी अभ्यास करते.

या वर्षी आम्हाला लेखनाचा एक पेपर आहे. त्यात स्वतःच्या आठवणीतला एक मजकूर लिहून द्यायचा होता. मला दुसरं काहीच सुचेना. चार दिवस टाळलं, मग त्याला फोन केला. तीन वर्षांत आम्ही दिवाळीचे मेसेज सोडले तर बोललो नव्हतो. त्याला विचारलं, लिहू का.

‘‘लिही,’’ तो म्हणाला. ‘‘कॉलेजला इंग्रजीत दे. पण एक मराठीतही लिही. आप्पांना ऐकायचं असेल. आणि द्यायच्या आधी मला वाचून दाखव. लिहिलं असेल तेच.’’

गेल्या रविवारी सकाळी मी वाचून दाखवलं. फोन त्यांच्या ओट्यावर स्पीकरवर होता, आप्पाही ऐकायला बसले होते. मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता. काकूंच्या वाक्यांना तो हसला. परीक्षेचा भाग आला. मी थांबत नव्हते, कारण थांबले असते तर पुढे वाचवलं नसतं. मग त्या ओट्यावरच्या प्रसंगाशी आले. तिथे मी लिहिलं होतं, ‘हे ऐकून त्याचा चेहरा काळवंडला. त्याच्या आयुष्यातला उरलासुरला आधार मी काढून घेतला होता.’

‘‘थांब,’’ तो म्हणाला. ‘‘हे कुणी सांगितलं तुला?’’

‘‘काय?’’

‘‘काळवंडला, आधार गेला. मी असं काही म्हणालो होतो?’’

मी आठवून पाहिलं. तो असं काहीही म्हणाला नव्हता.

‘‘मी चिडलो होतो,’’ तो म्हणाला. ‘‘दुःखी नव्हतो. मला तुझा राग आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. तेवढं लिही.’’

मी दोन्ही वाक्यं खोडली. तो पेनाचा आवाज ऐकत होता. वर लिहिलं, ‘तो चिडला.’

‘‘लिहिलंस?’’

‘‘लिहिलं.’’

‘‘वाच.’’

मी वाचलं.